जालन्यातला समुद्र आणि एक अपूर्णविराम

जालन्याला समुद्र नाही. ज्या जिल्ह्याने २०१२-१३च्या दुष्काळात टँकरची वाट पाहत रात्री काढल्या, त्याला समुद्राची नुसती कल्पनासुद्धा चैनीचीच वाटावी. तरीही एका शनिवारी दुपारी, आमच्या महाविद्यालयाच्या संगणककक्षात, चिकलठाण्याचे विमानतळ जिथे असायला हवे होते तिथे, आणि तिथून पूर्वेकडे जालन्याच्या दिशेने पार क्षितिजापर्यंत, आम्हां दोघांना निळे पाणी पसरलेले दिसत होते. किनारा नाही, बेट नाही, होडी नाही. आमचे छोटेसे विमान त्या पाण्यावर चाके टेकवून निवांत उभे होते आणि उंची दाखवणारा काटा शून्यापाशी थांबला होता. चिकलठाण्याची धावपट्टी समुद्रसपाटीपासून सुमारे १,९०० फूट उंचीवर आहे. काट्यावर विश्वास ठेवायचा, तर मराठवाड्याचे पठार जेवणाच्या सुट्टीत बुडाले होते.

मराठीच्या दोन अध्यापकांना विमान कशाला हवे, हा प्रश्न आमच्या सहकाऱ्यांनी विचारलाच. त्याचे उत्तर आधी द्यायला हवे. आम्ही शिकवतो त्या मुलांना ज्ञानेश्वरांचे आपेगाव, एकनाथांचे पैठण आणि रामदासांचे जांब ही तिन्ही नावे पाठ असतात. जांब तर आमच्याच जिल्ह्यातले, घनसावंगी तालुक्यातले. पण ही गावे एकाच गोदावरीच्या खोऱ्यात, एकमेकांपासून एका दिवसाच्या प्रवासात येऊन जाण्याइतक्या अंतरावर आहेत, हे त्यांच्या डोळ्यांसमोर उभे राहत नाही. ज्या नदीने जिल्ह्याची दक्षिण सीमा आखून दिली, ती नदी परीक्षेच्या टिपेत एका ओळीत वाहून जाते. नकाशा दाखवला, तर मुले नकाशा पाहतात, प्रदेश पाहत नाहीत. म्हणून वाटले, एकदा वरून दाखवावे.

त्यासाठी ‘फ्लाइटगिअर’ नावाची विमानोड्डाणाची आज्ञावली निवडली. निवडीचे पहिले कारण अर्थातच ती फुकट आहे हे. दुसरे कारण अधिक आदराचे. १९९६च्या एप्रिलमध्ये डेव्हिड मर यांनी महाजालावर एक प्रस्ताव मांडला, की विमानोड्डाणाचा आभास निर्माण करणारी आज्ञावली सर्वांनी मिळून लिहावी, तिची संहिता सर्वांना खुली असावी, आणि जे विकत मिळते त्याच्या मर्यादा आपल्यावर नसाव्यात. तेव्हापासून जगभरचे हौशी लोक ती लिहीत, दुरुस्त करीत आले आहेत. कर्ता एक नाही, पाठ सतत वाढता, आणि प्रत ज्याची त्याने उतरवून घ्यायची. मराठीच्या माणसाला ही व्यवस्था परकी वाटू नये.

या आज्ञावलीत पृथ्वीचा पृष्ठभाग एका ठिकाणी साठवलेला नसतो. दहा अंश रेखांश आणि दहा अंश अक्षांश असे मोठे चौकोन पाडलेले असतात, त्यांच्या पोटात एकेका अंशाचे छोटे चौकोन. प्रत्येक चौकोनाला त्याच्या नैर्ऋत्येच्या कोपऱ्यावरून नाव मिळते. आपण राहतो तो मोठा चौकोन ‘ई०७०एन१०’, म्हणजे सत्तर पूर्व, दहा उत्तर. त्याच्या पोटातल्या ‘ई०७५एन१९’ या फोल्डरात चिकलठाणा, पैठण, बदनापूर, अंबड आणि जालना शहर एकत्र नांदतात. शहराच्या थोडे पूर्वेला शहात्तरावा रेखांश आहे. परतूर आणि मंठा त्याच्या पलीकडे, म्हणजे शेजारच्या फोल्डरात. महसूल खात्याला न सुचलेली अशी ही फाळणी आहे, आणि ती नीट समजून घेतल्याशिवाय पुढचे काही कळत नाही. विमान उडताना आज्ञावली हे चौकोन एकामागून एक मागवत जाते. चौकोन सापडला, तर जमीन दिसते. सापडला नाही, तर ती थांबत नाही, ओरडत नाही. तिथे समुद्र आहे असे धरून चालते.

हे गृहीतक मूर्खपणाचे नाही. पृथ्वीचा बहुतेक भाग पाण्याखालीच असल्यामुळे न सापडलेल्या जागी पाणी असण्याचा संभव सर्वांत जास्त. पण त्यामुळे आपली चूक चुकीसारखी दिसत नाही, निसर्गासारखी दिसते. आमचा गोंधळ तिथेच झाला. विमानतळांची यादी वेगळ्या फाइलीत असते आणि ती आज्ञावलीला सापडली होती. म्हणून चिकलठाण्याचा अक्षांश बरोबर, रेखांश बरोबर, धावपट्टीची दिशाही बरोबर. पत्ता तंतोतंत, फक्त गाव नाही.

मग आम्ही जे केले ते लिहायला संकोच वाटतो, तरी लिहितो. आज्ञावली काढून टाकली आणि पुन्हा घातली. समुद्र. संगणक बंद करून चालू केला. समुद्र. चौकोनांची फाइल ज्या पेनड्राइव्हवरून आणली होती त्या पेनड्राइव्हला दोष दिला. कुणीतरी सांगितले, दुसऱ्या संगणकावर घालून बघा. घातली. तिथेही तोच अरबी समुद्र. तीन तास गेले. एवढ्या वेळात आम्ही जे एकदाही केले नाही ते म्हणजे वाचन.

आमच्याच तृतीय वर्षाचा एक विद्यार्थी, भोकरदन तालुक्यातला, मागे उभा राहून हे पाहत होता. शेवटी म्हणाला, “सर, लॉग वाचली का?”

“कसली लॉग?”

“ती लिहिते ना, काय काय शोधलं ते. आपल्याला सांगत नाही, पण लिहून ठेवते.”

खरोखरच लिहून ठेवलेले होते. वापरणाऱ्याच्या खात्यातल्या एका आडबाजूच्या फोल्डरात (त्या जागेला ‘एफजी_होम’ म्हणतात) ‘एफजीएफएस.लॉग’ नावाची साधी मजकुराची फाइल होती आणि तिच्यात, आपण भूभाग कुठे कुठे शोधला, हे आज्ञावलीने इमाने नोंदवले होते. त्या नोंदीत आमचे दोन फोल्डर दोन म्हणून नव्हतेच. दोन्हींची नावे एकमेकांना चिकटून एकच लांबलचक, अशक्य नाव तयार झाले होते.

घडले होते असे. भूभागाचे फोल्डर कुठे आहेत, हे ‘एफजी_सीनरी’ नावाच्या एका एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये लिहून ठेवता येते. फोल्डर एकाहून अधिक असतील, तर मध्ये विरामचिन्ह द्यायचे. आम्ही ज्या मार्गदर्शिकेवरून उतरवून घेतले, ती लिनक्सवाल्यांसाठी होती. तिथे दोन मार्गांच्या मध्ये अपूर्णविराम देतात. आमचा संगणक विंडोजचा. तिथे अपूर्णविराम आधीच गुंतलेला असतो, ‘सी:’ किंवा ‘डी:’ अशा डिस्कच्या अक्षरापाठी. म्हणून तिथे दोन मार्गांच्या मध्ये अर्धविराम द्यावा लागतो. आम्ही अपूर्णविराम दिला होता. एक टिंब आणि एक स्वल्पविराम यांऐवजी दोन टिंबे, आणि अवघा मराठवाडा पाण्याखाली.

विरामचिन्हांवर दरवर्षी एक तास घेणाऱ्या आम्हां दोघांची चूक होती ही. विद्यार्थी हसला नाही. त्याच्या घरच्यांचे संस्कार चांगले असावेत.

या प्रसंगावर इथे लिहावेसे वाटले, ते गंमत म्हणून नाही. संगणकावर एखादी गोष्ट अडली की मराठी विभाग ज्या तत्परतेने संगणक विभागाच्या माणसाला हाक मारतो, त्या तत्परतेविषयी आम्हांला काही म्हणायचे आहे. मार्ग आणि व्हेरिएबल यांचा हा सगळा घोळ मुळात वाचनाचा आहे. आणि ज्या प्रकारचे वाचन इथे लागते, त्याचे शिक्षण आपल्याच वर्गात दिले जाते, किंवा दिले जायला हवे.

एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणजे काय, हे संगणकाच्या पुस्तकांत फार कोरडेपणाने सांगितलेले असते. मराठीत त्याला ‘पर्यावरण चल’ म्हटलेले आम्ही ऐकले आहे. शब्दाला शब्द बरोबर आहे, पण ऐकणाऱ्याच्या मनात झाडे उभी राहतात. ‘संचिका’ आणि ‘न्याहाळक’ हे शब्द मराठी संकेतस्थळांवर काही काळ उत्साहाने वापरले गेले. आम्हीही वापरले. पण मराठवाड्यातल्या माणसाला ‘फाइल’ म्हणजे काय, ती कुठे अडते, कशी सरकते आणि कशी गहाळ होते, हे कुणी नव्याने सांगावे लागत नाही. तेव्हा नवा शब्द घडवण्याचा आग्रह आम्ही धरणार नाही. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल म्हणावे आणि ते समजावताना मात्र आपल्या घरातली कल्पना काढावी. ती आहे अध्याहाराची.

“जेवलास का?” “जेवलो.” या उत्तरात ‘मी’ नाही, ‘भात’ नाही, ‘दुपारी’ नाही, तरी ऐकणाऱ्याला सर्व पोचते, कारण ते परिस्थितीत आहे, वाक्यात नाही. आज्ञावलीही अशीच अर्धी वाक्ये बोलत असते. ‘विमानांच्या फोल्डरातले अमुक उघड’ असे तिच्यात लिहिलेले असते. कुठल्या घरातले विमानांचे फोल्डर, हे लिहिलेले नसते. ते घर ‘एफजी_रूट’ या व्हेरिएबलने पुरवायचे. पाणिनीच्या अष्टाध्यायीशी ज्यांची थोडीफार ओळख आहे, त्यांना हे आणखी लवकर कळावे. तिथे सुमारे चार हजार सूत्रे इतकी आखूड राहू शकली, ती अनुवृत्तीमुळे. आधीच्या सूत्रातले पद पुढच्या सूत्रात न लिहिता चालू राहते. अधिकारसूत्र एकदा आले की पुढच्या सबंध प्रकरणावर त्याची सत्ता. ‘एफजी_रूट’ हे अधिकारसूत्रच आहे. ते चुकले, तर खालचे एकही सूत्र चुकीचे नसताना सगळा अर्थ चुकतो, आणि नुसत्या सूत्राकडे कितीही टक लावून पाहिले तरी चूक दिसत नाही.

साम्य इथे संपत नाही. ही व्हेरिएबले एका आज्ञावलीकडून तिने सुरू केलेल्या दुसऱ्या आज्ञावलीकडे जातात, म्हणजे आईकडून मुलाकडे. पण जन्माच्या क्षणी जे असेल त्याची फक्त एक प्रत मिळते. नंतर आईने विचार बदलला, तरी मुलाला पत्ता लागत नाही. मुलाने काही बदलले, तर आईपर्यंत पोचत नाही. आम्ही अपूर्णविरामाच्या जागी अर्धविराम घातला आणि तरीही समुद्रच दिसला, तो या कारणाने. काळी आज्ञा-खिडकी आधीपासून उघडी होती. ती जुन्याच जगात जन्मलेली. बंद करून नवी उघडली, तेव्हा तिला नवा मजकूर दिसला. (आमच्यातल्या एकाच्या घरी वयात आलेला मुलगा आहे. त्याला ही यंत्रणा समजायला वेळ लागला नाही.)

आणि उत्सर्ग-अपवाद. आज्ञावलीत एक जागा ठरवूनच दिलेली असते, तो सामान्य नियम. एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल असेल, तर ते सामान्य नियमाला बाजूला सारते. आज्ञा देताना त्याच ओळीत तुम्ही मार्ग स्पष्ट लिहिलात, तर तो व्हेरिएबललाही बाजूला सारतो. विशेष हा सामान्यापेक्षा बलवान, इतकेच. मात्र आपण काहीच सांगितले नाही, तर सामान्य नियम कुणाच्या घरचा असतो, हे बघण्यासारखे आहे. फ्लाइटगिअरमध्ये काही न सांगता विमान सुरू केले, तर अनेक वर्षे ते सान फ्रान्सिस्कोच्या धावपट्टीवर उभे राही. मौन बाळगणारा प्रत्येक जण कॅलिफोर्नियाचा रहिवासी.

समुद्र हटवल्यावर दुसरी अडचण पुढे आली, आणि ती पाठचिकित्सेच्या अभ्यासकाला अधिक रुचेल. आज्ञावली सुरूच होईना. म्हणे, मूळ साहित्याची आवृत्ती जुळत नाही. आम्ही तर २०२०ची आवृत्ती घातली होती, साहित्यही तिचेच होते. लॉग वाचण्याचे वळण आता लागले होते, म्हणून वाचली. या संगणकावर कुणीतरी पूर्वी २०१८ची आवृत्ती घातली होती. ती काढली गेली, पण तिचे साहित्य मागे राहिले आणि ‘एफजी_रूट’ त्या जुन्या घराकडे बोट दाखवीत राहिले. साहित्याच्या फोल्डरात ‘व्हर्जन’ नावाची एक इवली फाइल असते. आज्ञावली आधी ती वाचते आणि आकडा जुळला नाही तर पुढे जायला नकार देते. पोथीच्या शेवटी लेखनकाल नोंदवण्याची आपली जुनी रीत आहे, तीच ही. एकनाथांनी शके १५०६मध्ये, म्हणजे १५८४ साली, ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. त्यांच्यापुढचा पहिला प्रश्न ‘ओवी कशी आहे’ हा नसून ‘समोर आहे ती प्रत कुठली’ हा असणार. चुकीच्या प्रतीवर केलेली सूक्ष्म चिकित्सा ही सर्वांत वाया गेलेली चिकित्सा असते.

किरकोळ ठेचा पुष्कळ लागल्या. त्यांतल्या दोनच सांगतो. ‘मराठी विभाग’ हे फोल्डरचे नाव आम्ही इंग्रजी अक्षरांत, पण मधे मोकळी जागा ठेवून लिहिले होते. आज्ञेच्या ओळीत ते अवतरणचिन्हांशिवाय आले आणि तिथेच त्याचा पदच्छेद होऊन दोन वेगळे शब्द झाले. दुसरी ठेच अधिक सूक्ष्म. व्हेरिएबलला किंमत देताना आम्ही नीटनेटकेपणा म्हणून ‘बरोबर’च्या चिन्हाआधी एक जागा मोकळी सोडली. विंडोजच्या आज्ञा-खिडकीने ती मोकळी जागा नावाचाच भाग मानली. त्यामुळे शेवटी एक अदृश्य अवकाश असलेले एक नवेच व्हेरिएबल जन्माला आले आणि जुने तसेच राहिले. छापखान्यात मुद्रितशोधन केलेल्या माणसाने अवकाशाला कमी लेखायचे नसते. आम्ही लेखले.

येथवरचे सगळे हसण्यावारी नेण्यासारखे आहे. पुढचे तसे नाही.

ज्या विद्यार्थ्याने लॉग वाचायला लावली, त्याच्या स्वतःच्या संगणकावर हीच आज्ञावली घालून द्यावी, असे ठरले. सेकंडहँड घेतलेला लॅपटॉप, त्यावर त्याने आपले नाव देवनागरीत घातलेले. विंडोज खात्याच्या नावावरून वापरणाऱ्याचे फोल्डर तयार करते, म्हणून त्याच्या प्रत्येक फाइलीच्या मार्गात त्याचे मराठी नाव होते. विमानांची जोडसामग्री उलगडून ठेवणाऱ्या एका जुन्या वळणाच्या छोट्या आज्ञावलीला मात्र तो मार्ग वाचता येईना. तिने दाखवलेल्या ओळीत त्याच्या नावाच्या जागी ओळीने प्रश्नचिन्हे होती. जितकी अक्षरे, तितकी प्रश्नचिन्हे.

असे का होते, हे मराठीच्या लोकांनी माहीत करून घ्यायला हवे. जुन्या धाटणीच्या आज्ञावल्या मजकूर वाचताना विंडोजने नेमून दिलेला एक मर्यादित वर्णसंच वापरतात, त्याला कोडपेज म्हणतात. रशियनसाठी १२५१, ग्रीकसाठी १२५३, अरबीसाठी १२५६, थाईसाठी ८७४. रशियन माणूस आपल्या संगणकाचे कोडपेज रशियन ठेवतो आणि जुन्या आज्ञावल्यांनाही त्याचे नाव कळते. देवनागरीला या रांगेत कधी जागा मिळालीच नाही. आपल्याकडे ‘इस्की’ हे भारतीय मानक १९९१मध्ये निघाले होते, पण विंडोजचे मुख्य कोडपेज म्हणून ते निवडता येत नाही. विंडोज २०००मध्ये आपली लिपी आली, ती थेट युनिकोडमधून. एका अर्थाने ते आपले भाग्य, कारण पुढचे जग युनिकोडचेच होते. पण ज्या आज्ञावल्यांनी ते जग पाहिले नाही, त्यांच्या लेखी आपले नाव असण्याची शक्यताच नाही. २०१८मध्ये विंडोज १०ला यूटीएफ-८ निवडण्याची सोय आली, ती ‘चाचणीत’ असा शेरा मारलेली आणि फार आत दडवलेली. आणि त्या प्रश्नचिन्हांतला खरा दुष्टावा पुढेच आहे. विंडोजमध्ये फाइलीच्या किंवा फोल्डरच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही. म्हणजे ती आज्ञावली शोधत होती, ते घर सापडत नव्हते इतकेच नव्हे, तसे घर बांधताच आले नसते.

त्याला सगळ्यांनी एकच सल्ला दिला. नाव इंग्रजीत टाक. आम्हीही तोच देणार होतो. तोंडापर्यंत आला होता.

तो सल्ला व्यवहारात बरोबर आहे. त्या संध्याकाळपुरता तोच सर्वांत लवकर लागू पडला असता. पण तो सल्ला इतक्या वेळा, इतक्या सहज दिला गेला आहे, की आता तो सल्ला राहिलेला नाही, सवय झाली आहे. तिचा परिणाम पाहायचा तर कुठल्याही मराठी विभागाचा संगणक उघडावा. जात्यावरच्या ओव्यांचे संकलन ‘न्यू फोल्डर टू’मध्ये असते. प्रबंधाची प्रकरणे ‘फायनल’, ‘फायनल वन’, ‘फायनल लास्ट’ या नावांनी झोपलेली असतात. मराठी साहित्याचा संशोधक आपल्या संशोधनाला मराठीत नाव देत नाही, कारण कधीतरी, कुठेतरी, मराठी नावाची फाइल उघडली नव्हती. का उघडली नव्हती, हे त्याने विचारले नाही, कारण ते विचारणे आपले काम नव्हे असे त्याला शिकवले गेले. आणि पाच वर्षांनी तोच संशोधक आपल्याच ओव्या शोधत बसतो.

दोष नेहमी यंत्राचाच असतो, असेही नाही. आमच्या विभागात ‘वऱ्हाडातल्या ओव्या’ या नावाचे दोन फोल्डर शेजारी शेजारी आढळले. नावे कानामात्रेसकट सारखी. एकाच जागी एकाच नावाचे दोन फोल्डर असू शकत नाहीत, तरी होते. कारण होते ‘ऱ्ह’मध्ये. हा अर्धा ‘र’ युनिकोडमध्ये एकाहून अधिक रीतींनी लिहिता येतो. ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर वापरून, किंवा साध्या ‘र’खाली नुक्ता देऊन, किंवा ‘र’चा पाय मोडून त्यापुढे एक न दिसणारे जोडचिन्ह ठेवून. पडद्यावर तिन्ही सारखेच उमटतात. दोन वेगवेगळ्या कळफलकांवर दोघांनी टंकले, आणि डोळ्याला एक असलेला शब्द यंत्राला दोन झाला. भोकरदन-जाफराबादकडून बुलढाण्याच्या हद्दीपलीकडे जाणारी मुले या ओव्या गोळा करतात. निम्म्या ओव्या एका फोल्डरात, निम्म्या दुसऱ्यात, आणि आम्ही दोन वर्षे समजत होतो की मुलांनी अर्धेच काम केले. या लिपिविषयक प्रश्नाचे उत्तर संगणकशास्त्राचा पदवीधर देऊ शकणार नाही. ‘सुर्या’ आणि ‘सुऱ्या’ यांतला फरक ज्याला कळतो त्यालाच ते सुचेल.

म्हणून आमचे म्हणणे असे. ‘व्यावहारिक मराठी’ किंवा ‘उपयोजित मराठी’ या नावाखाली आपण अर्ज, जाहिरात, वृत्तलेखन, निवेदन शिकवतो. त्यात चार तास या वाचनासाठी काढावेत. विमान उडवण्याची गरज नाही. एखादी अडलेली आज्ञावली घ्यावी, तिची लॉग काढावी आणि ती उताऱ्यासारखी वाचावी. कर्ता कोण, काय शोधत आहे, कुठून शोधू लागला, कुठले पद अध्याहृत आहे, ते कुणी पुरवले, कुठल्या विरामचिन्हाने वाक्य तुटले. मार्ग मुळापासून लिहिलेला आहे की ‘इथून पुढे’ असा सापेक्ष आहे, हेही पाहावे. सापेक्ष मार्ग दर्शक सर्वनामासारखा असतो. बोलणारा कुठे उभा आहे ते कळल्याशिवाय ‘इथे’ला अर्थ नाही.

या शेवटच्या मुद्द्याला आमच्या जिल्ह्यात आयते उदाहरण आहे. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला, तेव्हा परतूर तालुका परभणीतून निघून जालन्यात आला. गाव हलले नाही, वेस हलली नाही, तालुक्यातल्या तालुक्यात सांगायचा पत्ता तोच राहिला. पण पत्राच्या शेवटी ‘जि. परभणी’ लिहिणाऱ्याचा पूर्ण पत्ता एका रात्रीत शिळा झाला. पूर्ण मार्ग आणि सापेक्ष मार्ग यांतला फरक परतूरच्या मुलाला शिकवायला दोन वाक्ये पुरतात. पुण्यात लिहिलेल्या संगणकाच्या पुस्तकाला चार पाने लागतात.

आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांचा आक्षेप वजनदार आहे. ते म्हणतात, कविता शिकवायला तास पुरत नाहीत, तिथे तुम्ही आणखी चार तास काढून घेणार. आणि जे शिकवाल ते दहा वर्षांत कालबाह्य होईल. ‘एफजी_सीनरी’ राहणार नाही, रामदास राहतील. यातला पहिला भाग आम्हांला मान्य आहे आणि त्यावर आमच्याकडे समाधानकारक उत्तर नाही. तास खरोखरच पुरत नाहीत. दुसरा भाग मान्य नाही. आम्ही व्हेरिएबलचे नाव शिकवा म्हणत नाही. न दिसणारा संदर्भ शोधण्याची सवय लावा म्हणतो, आणि ती सवय लागलेला विद्यार्थी रामदासही अधिक नीट वाचेल असे आम्हांला वाटते. सहकाऱ्यांना तसे वाटत नाही. वाद चालू आहे.

त्या विद्यार्थ्याचे नाव आम्ही बदलू दिले नाही. ‘डी’ डिस्कवर इंग्रजी अक्षरांचे, मोकळी जागा नसलेले एक साधे फोल्डर केले, ‘एफजी_होम’ आणि ‘एफजी_एअरक्राफ्ट’ दोन्ही तिकडे वळवली आणि जोडसामग्री उलगडणाऱ्या त्या आज्ञावलीलाही तेच घर नेमून दिले. खाते, कागदपत्रे, ओव्या सगळे त्याच्या मराठी नावाखाली जसेच्या तसे राहिले. व्हेरिएबल असते कशासाठी, तर यासाठीच. घरमालकाचे नाव न बदलता टपाल दुसरीकडे घेता यावे म्हणून.

पुढच्या शनिवारी त्याच्याच लॅपटॉपवरून उड्डाण केले. वर्गातली वीसेक मुले दाटीवाटीने उभी. चिकलठाण्याची धावपट्टी जवळजवळ पूर्व-पश्चिम आहे, म्हणून पूर्वेकडे झेप घेतली की विमान आपसूक जालन्याच्या वाटेला लागते. काटा १,९००वरून वर सरकू लागला. खाली तपकिरी पठार, रस्त्याची रेघ. मुली आपापली गावे शोधत होत्या, आणि ती सापडत नव्हती, कारण या भूभागात गावे म्हणजे नुसते करडे ठिपके आहेत. तरी ‘ते बदनापूर असंल’ असे एकीने ठामपणे सांगितले आणि सर्वांनी मान्य केले. जालन्यावरून दक्षिणेला वळून गोदावरी गाठली. नदी दिसल्यावर वर्ग क्षणभर गप्प झाला. पैठणकडून जांबच्या बाजूला यायला विमानाला किती मिनिटे लागतात, ते मुलांनी घड्याळ लावून मोजले.

परतताना विद्यार्थी म्हणाला, “सर, आता आमच्याकडं घ्या ना.” विमान उत्तरेला वळवले. जालना मागे पडले. शहरापासून वीसेक किलोमीटरवर जमीन सुरीने कापल्यासारखी सरळ रेषेत संपली आणि पुढे पुन्हा तेच निळे, निश्चल पाणी. विसावा अक्षांश. आम्ही फक्त ‘ई०७०एन१०’ हा मोठा चौकोन आणला होता. भोकरदन आणि जाफराबाद त्याच्या वरच्या चौकोनात येतात.

या वेळी कुणी संगणक बंद करून चालू केला नाही. त्याने लॉग उघडली, एक ओळ मोठ्याने वाचली आणि पेनड्राइव्ह मागितला.